टॉवेलाची पिशवी

वळसंग, ३ नोव्हेंबर २०२५

चि. वैदेहीस आजीचा आशीर्वाद.

फोनवर मला ऐकू येत न्हाय, म्हणून कागद. दुसरी शिकलेल्या हाताचा हाय, चुका मोजत बसू नको.

तुझी ती उडती खार, काय ते शुगर ग्लायडर, फुटाणा नाव ठेवलंस, घरभर मोकळा सोडतेस म्हणे. माणसांना खोली मिळंना आन खारीला तीन खोल्या! सोडतेस तर नीट सोड. खिडक्यांना जाळ्या लाव, वायरी नळीत घाल. पंख्याचं बटण चिकटपट्टीनं बंद कर. संडासाचं झाकण लाव. पाणी चार दिसाआड येतं म्हणून बादल्या भरून ठेवतेस, त्या झाक. एवढंसं जनावर, बुडायला तांब्या पुरतो.

दिवसा तो झोपतो म्हणालीस. सिद्रामप्पा रोज दूध घेऊन तुमच्याकडं येतो, त्याच्यासंगं हा कागद आन फुटाण्याला निजायला पिशवी धाडलीय. नवा टर्किश टॉवेल फाडून शिवली, लई मऊ हाय.

माया पातळ होऊ देऊ नको.

गोजरबाई

जुळे सोलापूर, ९ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. खिडक्यांना जाळ्या, वायरींवर नळ्या, बादल्यांवर ताटल्या. तुझा नातजावई राजस म्हणतो, आजी बांधकाम खात्यात हवी होती.

फुटाण्याला पिशवी इतकी आवडलीय की काल संध्याकाळी तो बाहेरच आला नाही. हात घातला तर चावला. आजही आतच आहे, मधे मधे किरकिरतो. राजस म्हणतो रुसलाय, दोन दिवस हात लावू नकोस. म्हणून पिशवी तशीच टांगून ठेवलीय.

तुझा जीव आमच्यावर असाच राहो.

तुझी वैदेही

वळसंग, १० नोव्हेंबर

आधी कात्रीनं पिशवी काप, मग पुढचं वाच. त्याला ओढू नको.

बाहेर येत न्हाय लिवलंस. येत न्हाय का त्याला येता येत न्हाय? तुझं पत्र वाचून उरलेल्या टॉवेलावर मी माझं नख घासून बघितलं. अडकलं. सोडवाया गेले तर जास्तच गुतलं. त्या कापडावर समदे धाग्याचे फासच हायत की. जलमभर सोलापुरी टॉवेलानं अंग पुसलं आन हे दिसलं न्हाय. पंखा, बादल्या समदं तुला सांगितलं आन फास मी शिवून धाडला.

सिद्रामप्पानं फोन लावला, तू उचलला न्हाईस. त्याला बजावलंय, पिशवी कापल्याबिगर दारातनं हलायचं न्हाय.

गोजरबाई

जुळे सोलापूर, २० नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

फुटाणा वाचला. मागचा पाय दोऱ्यात आवळला होता. सुटायला त्यानं स्वतःचीच बोटं कुरतडली होती. दोन काढावी लागली. आता पडद्यावर चढतो, पण उडी मारत नाही. नुसता बघत बसतो.

डॉक्टरांनी पिशवी कुठली विचारलं. मी बाजारातली म्हणाले. तुझं नाव कशाला घ्यायचं?

राग नसावा.

वैदेही

वळसंग, २३ नोव्हेंबर

चि. वैदेहीस आशीर्वाद.

उद्या जा आन डॉक्टरला खरं सांग. आजीनं शिवली, टॉवेलाची होती, असं सांग. माझं नाव झाकून काय त्या खारीची बोटं यायची न्हाईत. आन गावात अजून कोण कोण म्हातारी लाडानं टॉवेल फाडत बसली असंल, ते तुला ठावं हाय का?

गोजरबाई