मांजर्लीचा पाणी-सेन्सर कर्नलला दिसेना

४ जुलै, सकाळ
काल संध्याकाळी कॉम्प्युटरचा कर्नल अपडेट केला. आज आमच्या मांजर्लीच्या सोसायटीलगतच्या नाल्याच्या भिंतीवरचा पाणी-सेन्सर डिटेक्ट होत नाही. अपडेटआधी चालत होता, नंतर बंद. याला रिग्रेशन म्हणतात. हा शब्द माहीत असलेला अख्ख्या सोसायटीत मी एकटा. जेवायच्या आत दुरुस्त करतो.

४ जुलै, संध्याकाळ
झाला नाही. प्रतिभाला समजावलं, कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, त्यातला ड्रायव्हर बाहेरची वस्तू ओळखतो. ती म्हणाली, खाली जाऊन सेन्सर बघून या ना एकदा. बायकोला डिबगिंग कळत नाही. वायर खिडकीतून दिसते. हार्डवेअर ओके. शिवाय पाऊस आहे.

५ जुलै
पंधराला सोसायटीची मीटिंग. नाला चढला की सगळ्यांच्या मोबाइलवर माझा अलार्म वाजणार आणि लोक गाड्या पुलावर नेणार. मग वॉचमन हवा कशाला? हिरामणला कमी करायचा ठराव मीच लिहिलाय. वाईट वाटतं, पण चामटोलीला त्याची शेती आहे. (आहे का, विचारलं पाहिजे.)

७ जुलै
बिसेक्ट सुरू. म्हणजे जुने कर्नल एकेक लावून कुठल्या बदलाने बिघडलं ते शोधायचं. गेल्या महिन्याचा लावला. सेन्सर नाही. गेल्या महिन्यात तर याच कर्नलवर चालत होता. म्हणजे बग तेव्हाही होता, लपून होता. प्रकरण खोल आहे.

८ जुलै
गेल्या वर्षीचा कर्नल. नाही. सहा वर्षांपूर्वीचा. तोही नाही. सहा वर्षं जगात कुणाच्या लक्षात आलं नाही. मागे जावं तसा माझा शोध मोठा होतोय.
हिरामण दोनदा येऊन गेला, काहीतरी सांगायचंय म्हणे. कामात आहे म्हटलं. ठरावाचा वास लागलेला दिसतोय.

११ जुलै
या सेन्सरचा ड्रायव्हर सांभाळणारा माणूस जर्मनीत असतो. त्याला चार पानी मेल टाकला, सहा वर्षांच्या हलगर्जीपणाबद्दल. उत्तर एका ओळीचं: सेन्सर जोडलेला आहे का ते कृपया बघा.
डोकं फिरलं. आता ड्रायव्हर मीच लिहिणार. उद्या पहाटे पाचपासून.

१२ जुलै, सकाळी साडेनऊ
उठलो.

१४ जुलै, दुपारी ३
सकाळपासून धो धो. माझा ड्रायव्हर कंपाइल होतोय, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरतोय. खाली हिरामण शिट्टी मारत दारं वाजवत फिरतोय, गाड्या काढा म्हणून. प्रतिभाने चावी मागितली. म्हटलं, अलार्म वाजल्याशिवाय आपली गाडी हलणार नाही. आपल्या सिस्टिमवर आपणच विश्वास ठेवला नाही तर उद्या मीटिंगमध्ये कोण ठेवील?

३.४०
थोडंच राहिलंय.

३.४५
लाइट गेली.

१५ जुलै
पाणी कमरेएवढं चढलं होतं. आज ओसरलं. बावीस गाड्या पुलावर, सुखरूप. तेविसावी गेटपाशी आडवी, डॅशबोर्डपर्यंत चिखल. प्रतिभा बादली आणि फडकं घेऊन चिखल काढायला लागली.

मीटिंगआधी हिरामण केबिनच्या माळ्यावरून खताच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. सेन्सर. तीन तारखेला संध्याकाळी नाला चढायला लागला तेव्हाच काढून ठेवला म्हणाला. वायर तेवढी तशीच सोडली. दरवर्षी पंपाची मोटर वर काढून ठेवतो, तसाच. साहेबांचं मशीन आहे, भिजून वाया जायला नको. दोनदा सांगायला आलो होतो, पण तुम्ही कामात होतात.
आतून कोरडा ठणठणीत.
शेतीचं विचारलं. नाही म्हणाला. बारा वर्षं हीच नोकरी.

मीटिंग पार्किंगमध्येच, चिखलात. चेअरमन अल्पेशभाईंनी ठराव वाचला, माझ्या नावासकट. हिरामण झाडू घेऊन बाजूलाच उभा. हिरामणला कमी करायचं असेल त्यांनी हात वर करा म्हणाले.
एकही हात वर गेला नाही. माझाही नाही. माझ्या दोन्ही हातांत सेन्सर होता.