रात्री घरी कोण आहे

४ मार्च

चि. भिंगरीस, मामाचे भरघोस आशीर्वाद.

तू हेड ऑफिसात बसून आमच्या गावच्या हॉस्पिटलच्या खाटा मोजतेस आणि तुझा मामा त्याच हॉस्पिटलच्या बाकावर हर्निया घेऊन बसलाय. डॉक्टर म्हणाले, सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. जन्मभर लॉज चालवून मी खाटा भरायला धडपडलो, भाची मात्र त्या रिकाम्या करायचा पगार घेते.

बाकावर माझे कान उघडे होते. नर्सबाई प्रत्येकाला विचारतात, रात्री घरी सोबतीला कोण आहे. कोणी नाही म्हटलं, की वॉर्डात खाट मिळेपर्यंत ऑपरेशन पुढे. म्हणून सगळ्यांनाच कोणीतरी असतं. इथला कँटीनवाला गेल्या आठवड्यात तिघांचा सख्खा भाऊ झाला. पेशंटला रिक्षात बसवतो आणि परत येऊन चहा गाळतो. मी हसलो. मग तो म्हणाला, त्यातल्या एका शिवणकामवाल्या बाईंना घरी गेल्यावर रक्तस्राव झाला, शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्याला जेवण जात नाही.

लोभ आहेच, तो मोजायला बसू नकोस.
तुझा मामा

८ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि डबा तसाच राहिला. पुढच्या शुक्रवारी बैठक आहे. अर्धा वॉर्ड बंद करून तिथे एका दिवसाच्या ऑपरेशनांची सोय करायची, हा आराखडा माझाच. मी काही दगड नाही, मामा. आज लोक उपाशीपोटी येतात आणि खाट नाही म्हणून दुपारी परत जातात. एकाने खाट अडवली, की मागच्या सगळ्यांची तारीख हलते.

पण माझं सगळं गणित एका उत्तरावर उभं आहे, ते म्हणजे घरी माणूस आहे. ते पोकळ असेल, तर मी काढतेय त्या खाटा नेमक्या एकट्या माणसांच्या आहेत.

मामी गेल्यापासून तुम्हीही एकटेच. नर्सबाईंना काय सांगितलंत?

काळजीत पडलेली,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

वर्मावर बोट ठेवायची खोड तू आईकडून घेतलीस. भाची आहे, असं सांगितलं. त्यात खोटं काय? आहेसच की, फक्त घरी नसतेस. ऑपरेशन १९ तारखेला, मंगळवारी. कँटीनवाल्याशी बोलून ठेवलंय, मी त्याचा मेहुणा. तू बैठक सांभाळ.

रागावलीस तरी लोभ तेवढाच.
मामा

१५ मार्च

ती. मामांस सा. न.

हे ऑफिसच्या टपालात घालतेय, सोमवारी हाती पडेल. बैठकीत मीच माझ्या आराखड्याला हरकत घेतली. साहेब म्हणाले, आता ऑपरेशनांसाठी थांबलेल्यांची यादी उरकायला किती वेळ लागेल ते तूच विश्वस्तांना सांग. सहा खाटा रात्रीसाठी राखायची परवानगी मिळाली, तीही प्रयोग म्हणून. सोमवारपासून कोणी नाही म्हणणाऱ्याची तारीख जाणार नाही.

मंगळवारी मला विश्वस्तांपुढे उभं राहायचंय, बुधवारी सकाळी पोचते. नर्सबाई पुन्हा विचारतील तेव्हा मला मध्ये घेऊ नका. कँटीनवाल्याबरोबर तर मुळीच जाऊ नका.

पत्राचं उत्तर नको, खरं उत्तर द्या.
भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,

हे टपालात टाकत नाही, उद्या हातातच देईन. ऑपरेशन नीट झालं. सकाळी नर्सबाईंनी विचारलं तेव्हा भाची अगदी ओठांवर आली होती. गिळली, आणि घरी कोणी नाही म्हणालो. चार माणसांत हे कधी बोललो नव्हतो. बाईंनी मान हलवली आणि पुढच्याला विचारलं. तोही म्हणाला, कोणी नाही. मग त्याच्यामागचे गृहस्थ. अख्खं बाक आपलं खरं बोलायला लागलं.

जेवणाच्या आतच सहाही खाटा भरल्या. त्यातली एक माझ्याखाली आहे. सातव्या म्हातारबुवांनाही कोणी नव्हतं, पण त्यांनी सकाळी घरी माणूस आहे म्हणून सांगितलं होतं. आता कबूल केलं तेव्हा टाके पडलेले आणि खाट नाही. मी उठायला निघालो, तर नर्सबाईंनी दटावून निजवलं. शेवटी कँटीनवाल्याने त्यांना रिक्षात बसवलं. मला वाटलं, नेहमीसारखा परत येईल. आला नाही. पोऱ्याकडून निरोप आला, की आज तो तिथेच झोपतोय.

विश्वस्तांना सहा म्हणाली असशील तर परत जा. सहा पुरत नाहीत.

उद्या ये. मग घरी कोण आहे, हे मी दारातून ओरडून सांगेन.
मामा