नंदाचं मानपत्र

शनिवार, संध्याकाळ. धरमपेठ

आज शाळेत माझा निरोपसमारंभ झाला. डोकं अजून भणभणतंय.

मुख्याध्यापकांनी फ्रेम केलेलं मानपत्र वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच वाक्याला माझे कान उभे राहिले. 'बाई रागावल्या की आपला डबा कोणालातरी देऊन टाकत आणि दिवसभर उपाशी राहत.' अहो, हे वाक्य माझं आहे! गेल्या वर्षी नंदा निवृत्त झाली, तेव्हा मी तिच्यासाठी लिहिलेलं. राग नंदाचा, डबा नंदाचा, उपासही नंदाचाच. यांनी फक्त नाव बदललं.

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली नंदा कानात म्हणाली, "तू कधी डबा दिला वं कोणाले? मी रागावली का माझा डबा तूच तं खात होती."

नंतर सरांना गाठलं, तर म्हणतात, "मॅडम, तुम्ही इतकं मनापासून लिहिलं होतं, म्हणून तेच घेतलं." मनापासून! म्हणजे माझं मन शाळेची हार्मोनियम आहे का, कोणीही यावं आणि वाजवावं?

मी खादाड आहे. वर्गात खडू फेकून मारायचे. पोरं माझ्या चपलांचा आवाज ओळखून गप्प व्हायची. यातलं एक जरी लिहिलं असतं, तरी ती फ्रेम मी बैठकीत लावली असती. आता उद्याच नंदाकडे टाकून येते. डबा तिचा, फ्रेमही तिचीच.

सगळी नोकरी त्या स्टाफरूममध्ये गेली माझी. आणि माझ्याबद्दल निदान खोटं तरी लिहावं, एवढेही कष्ट कोणी घेतले नाहीत.