डाग न देता उठलेलं कुत्रं

आबा,

तुमच्या मुलानं या वेळी विळा तापवला नाही. घरच्या कुत्र्याचे मागचे पाय गेले, तेव्हा त्यानं चुलीकडे बघितलंसुद्धा नाही. कुत्र्याला पोत्यावर घातलं आणि उमापूरहून थेट बीडला माझ्या दारात आणलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हे कुणीतरी तुम्हाला कळवायला हवं होतं, आणि कळवताना मला फार बरं वाटतंय. दर अमावास्येला तुमच्या अंगणात पंचक्रोशीतली लंगडी जनावरं यायची. तुम्ही त्यांच्या खुब्यावर लाल विळ्यानं फुली काढून त्यांना परत पाठवायचात. तो विळा तुम्ही धाकट्याच्या हातात देऊन गेलात. मी थोरली, पण पोरीच्या जातीनं त्याला शिवायचं नाही, एवढंच माझ्या वाट्याला आलं. मग मी परभणीला जाऊन जनावरांची डॉक्टर झाले, आणि आता पाळीव जनावरांना फिजिओथेरपी देते. हा शब्द ऐकून तुम्ही बाजूला थुंकला असतात.

म्हणजे मी काय करते ते सांगते. ऐकून घ्या, आता मध्येच उठून जाता येणार नाही तुम्हाला. पाय गेलेलं जनावर नुसतं पडून राहिलं की आठ-पंधरा दिवसांत मांड्या झडतात, सांधे आखडतात, एकाच कुशीवर राहून अंगाला जखमा पडतात. म्हणून मी त्याची कूस बदलते, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकते, हलक्या हातानं चोळते, एकेक पाय धरून सायकल चालवल्यासारखा फिरवते. पोटाखाली टॉवेलची झोळी घालून उभं करते. मागं सिमेंटचा हौद बांधलाय, त्यात कोमट पाणी भरलं की अंगाचा भार पाणी घेतं आणि जमिनीवर न टेकणारे पाय तिथं चालायला लागतात. म्हातारी, गुडघे धरलेली कुत्रीही येतात, त्यांचं दुखणं कमी होतं आणि ती पुन्हा स्वतःच्या पायानं दारापर्यंत जातात. परवा एका फळवाल्या चाचांची मांजर महिन्याभरानं खिडकीत चढली, तर चाचा सगळ्या गल्लीला पेरू वाटत सुटले. यात कुठेही केस जळाल्याचा वास येत नाही.

तो वास मला अकराव्या वर्षी लागला. माझं तांबडं कुत्रं आठवतं का तुम्हाला? तुम्ही त्याला नाव ठेवू दिलं नव्हतं. मोटारसायकलखाली आलं आणि मागचं अंग ओढत घरी आलं. मी त्याच्या पायाचं बोट दाबलं, तर त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी धावत येऊन सांगितलं, "आबा, त्याला कळायलंय, बोट दाबलं की बघतंय." तुम्ही गोवऱ्यांवर फुंकर मारत होता. "तुला लई कळतंय. डोकं धर त्याचं," म्हणालात. मी धरलं. मला रडू आलं तर वर म्हणालात, "कुत्र्यासाठी काहून रडायलीस? चटका बसला की पाय आपोआप हालतील." आठ दिवसांनी त्या फुलीत अळ्या पडल्या, आणि दहाव्या दिवशी तुम्ही त्याला ओढ्यापलीकडे बाभळीखाली टाकून आलात. आल्यावर हात धुऊन जेवायला बसलात आणि आईकडे आणखी ठेचा मागितलात. पुढे कॉलेजात शिकवलं की बोट दाबल्यावर जे जनावर मान वळवून बघतं, ते बहुतेक वेळा पुन्हा चालतं. त्या दिवशी वसतिगृहात मी जेवले नाही. तेव्हापासून माझ्या हाताखाली उठलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या वेळी मी मनात तुम्हाला म्हणत आलेय, बघा आबा, हे बघा.

तर तुमचा मुलगा. दारात उभा, खाली मान. "अक्का, ट्रॉलीतून उडी मारताना कंबरंवर पडलंय. काय बी कर, पण ह्येला उठव. लेकरं जेवंनात." मी मुद्दाम विचारलं, विळा कुठाय? तो म्हणाला, "घरी हाय. न्हाई धजलो." दुसऱ्यांची जनावरं भाजताना धजतोस, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी कमरेचा एक्स-रे काढून घेतला. हाड शाबूत होतं, नस दबली होती. बोट दाबलं, कुत्र्यानं मान वळवली. मी त्याला म्हणाले, मी उठवते. पण हे उभं राहिलं की अमावास्येला आपल्या अंगणात सगळ्यांपुढं चालवायचं, आणि डाग न देता उठलं हे तू तुझ्या तोंडानं सांगायचं. तो बराच वेळ कुत्र्याच्या कानाशी खेळत राहिला. मग म्हणाला, "सांगतो." तो महिनाभर माझ्याकडेच राहिला. सकाळ-संध्याकाळ त्यानं माझ्याबरोबर ते पाय फिरवले, हौदात गुडघाभर पाण्यात उभा राहिला. अंगणात आम्ही वीतभर अंतरावर तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, आडव्या मांडल्या, त्या ओलांडायच्या म्हणून कुत्रं पाय उचलायला लागलं. चौथ्या आठवड्यात ते झोळीशिवाय आठ पावलं चाललं. तुमचा मुलगा भिंतीकडे तोंड करून रडला. मी रडले नाही. मी कॅलेंडर बघितलं. अमावास्या सहा दिवसांवर होती, आणि खरं म्हणजे आणखी पंधरा दिवस थांबायला हवं होतं.

मी थांबले नाही. अमावास्येला सकाळी तुमच्या अंगणात तीन बैल, एक म्हैस, शेळी घेतलेली एक म्हातारी आणि बारा-पंधरा माणसं होती. मी तुऱ्हाट्या मांडल्या. धाकट्यानं ठरल्याप्रमाणे सांगितलं, पण इतक्या हळू की पुढच्या दोघांनाच ऐकू गेलं. कुत्रं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललं. माझ्या छातीत काय झालं ते तुम्हाला सांगणार नाही. तेवढ्यात तुमच्या वयाचे एक बाबा, बैलाचा कासरा धरलेले, म्हणाले, "ते समदं खरं बाई. पण इळा तापलाय का? आमाला लांब जायचंय." दोघं-तिघं हसले. आबा, तुम्हीच बोलत होता तिथं. मी कुत्र्याला परत फिरवलं, पुन्हा चालवलं. बाबा बिडी काढायला लागले, म्हणून तिसऱ्यांदा. त्याच्या मागच्या पायाची बोटं दुमडायला लागली होती, पंजा उलटा घासत होता. मला ते दिसत होतं. कुणापेक्षाही आधी मलाच दिसत होतं, कारण तेच बघायला मी शिकलेय. धाकटा म्हणाला, "अक्का, बस की आता." मी चौथी फेरी मारायला लावली. मधल्या तुऱ्हाटीवर ते कोसळलं आणि उठलंच नाही.

धाकट्यानं विळा आतून आणलाच नाही, एवढं मात्र मुद्दाम तुमच्या कानावर घालते. बैलवाले दुसऱ्या गावच्या डाग देणाऱ्याकडे गेले. शेळीवाली म्हातारी थांबली, तिला मी शेळीचा गुडघा शेकायला दाखवला. तुमचं अंगण दुपारपर्यंत रिकामं झालं. मला हेच हवं होतं, इतकी वर्षं. कुत्र्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली आणि जास्तीचा सव्वा महिना गेला. आता ते चालतं, कंबर थोडी डावीकडे टाकतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तुमच्या मुलाच्या हाती लागू नये म्हणून मी ते फाडणार आहे. त्या दिवशी त्यानं कुत्र्याला उचललं तेव्हा त्याचे दोन्ही मागचे पंजे सोलवटले होते आणि धाकट्याच्या शर्टाला रक्त लागलं होतं. त्यानं मला विचारलं, "अक्का, हे असं व्हतंच का ह्याच्यात?" मी म्हणाले, होतं, हा उपचाराचाच भाग आहे. त्यानं मान हलवली आणि माझ्यावर विश्वास ठेवला. तो अजून ठेवतो.