स्कूटरच्या चित्रामागची चिठ्ठी

प्रिय कुसुमताई,

"प्रिय" लिहिताना हात जरा अडखळला. समोर असतात तर "अहो ताई"च्या पुढे गेलो नसतो. पण परवा तुमचं तेरावं झालं, तुमच्या लेकीने चित्रांचा डबा माझ्या हातात ठेवला, "काका, आता गुरुवार तुमचा" म्हणाली, आणि आज तो गुरुवार पार पडला. कुणाला सांगू? तुम्हालाच सांगतो.

पहिल्या दिवशी किती कुत्सित बोललो होतो मी! खडकीतल्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही नऊ एकटी माणसं गोल बसलेलो. तुम्ही, चित्रकलेच्या निवृत्त बाई, जुन्या कॅलेंडरांतली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून मधे पसरलीत आणि म्हणालात, "आज मन जसं आहे, तसं चित्र उचला." मी म्हणालो, "पत्तेच मांडायचे तर रमी तरी लावा!" तुम्ही नुसत्या हसलात.

मग माझा तो पराक्रम. तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेला माणूस मी, लेबल नसलेली वस्तू मला बघवत नाही. डबा घरी नेला आणि प्रत्येक चित्रामागे अर्थाची चिठ्ठी डकवली. रस्ता: प्रवास. घागर: पाणीटंचाई. वर शाबासकीची अपेक्षा!

डबा परत आणला त्याच गुरुवारी शेवाळेबाईंनी घागर उचलली. वाघोलीचं शेत विकून लेकाने त्यांना इथे फ्लॅट घेऊन दिला आणि तो परदेशी गेला. चार महिने बाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "भरल्याली हाय. पण उचलू लागायला कुणी न्हाय." मी "पाणीटंचाई" म्हणायला तोंड उघडलं आणि तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात.

नंतर म्हणालात, "अहो वसंतराव, स्टोअरमध्ये खिळा खिळाच राहतो. इथे ज्याच्या हातात चित्र, त्याचा अर्थ." आणि शेवाळेबाईंना सोबत घेऊन ओल्या फडक्याने एकेक चिठ्ठी सोडवत बसलात. रागावला का नाहीत हो?

मी मात्र दर गुरुवारी स्कूटरचं चित्र उचलून मांडीवर पालथं ठेवायचो. पालथ्या चित्राबद्दल विचारायचं नाही, हा तुमचा नियम. दोन वर्षं पाळलात. एकदा तरी मोडायचा ना, ताई! त्याच्यामागे माझी चिठ्ठी तशीच होती: "स्कूटर. विशेष काही नाही." मला वाटायचं, नजरचुकीने राहिली.

आज सगळे डब्याभोवती गोल बसले. सवयीने मी स्कूटर उचलली, पालथी घातली. तर शेवाळेबाई म्हणाल्या, "ती चिठ्ठी मी काढत व्हते. ताई म्हणल्या, ऱ्हाऊ द्या, ती त्यांची ते काढतील."

दोन वर्षं वाट बघत होतात?

मी फडकं ओलं करून आणलं. चिठ्ठी निघाली, आणि मी बोललो. माझी बायको मंगल स्कूटरवर मागे बसली की माझा खांदा धरायची. मी खेकसायचो, "हात काढ, हँडल हलतं!" ती निमूट काढायची. ती गेल्यापासून मी स्कूटर बाहेर काढलेली नाही. एवढं सांगितलं आणि सगळ्यांदेखत रडलो. कुणी काही विचारलं नाही.

तुम्ही हे ऐकायला हवं होतं, ताई. तुमच्यासारखी धीराची बाई मी दुसरी पाहिली नाही.

शब्द देतो. दर गुरुवारी पाचला डबा उघडेन. पालथं चित्र पालथंच राहील, कुणी कितीही वर्षं लावली तरी. डब्यावर तुमच्या नावाचं लेबल लावायला घेतलं होतं, तेही परत ठेवून दिलं.

तुमचा,
आता कुठे खरा निवृत्त झालेला स्टोअरकीपर,
वसंत