नॅनो म्हणजे बारीक

अंबाजोगाई, १२ मे २००९

तीर्थस्वरूप त्रिंबक दाजींच्या पायाशी धाकट्या मेव्हण्याचा, बंकट गवंड्याचा, रामराम. तुमची कंबर कशी हाय? आक्काचा गुडघा? तुमी शिकवता त्या नांदूरघाटच्या शाळेत पोरांना इंग्रजी येऊ लागली का? आमचे हातपाय शाबूत हायत.

इथं एका लॉजचं काम चालू हाय. गच्चीवरच्या बंद टाकीची गळती थांबवायला मुकादमानं नव्या मालाचा डबा आणला. नाव म्हणे नॅनो. (आमाला वाटलं, डब्यामागं ती नवी छोटी मोटार बक्षीस मिळते का काय.) मुकादम म्हणाला, "नॅनो म्हणजे बारीक. इतकं बारीक की डोळ्याला दिसत न्हाई." माझा जोडीदार बद्रीनाथ (पंधरा वर्षं आमी एकाच परांचीवर बसून भाकरी खाल्ली) म्हणाला, "दिसत न्हाई, तर लावलं का न्हाई हे कसं कळायचं?" सगळे हसले. मुकादमही हसला, आणि टाकीत बद्रीनाथलाच उतरवलं.

माल दाखवायला आलेला कंपनीचा माणूस तोंडाला जाड मास्क, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा लावून टाकीपासून दहा पावलं लांब उभा. मी विचारलं, "साहेब, आमाला न्हाई का हे?" तो म्हणाला, "आम्हाला रोज हाताळावं लागतं. तुमचं एका दिवसाचं काम." मला ते पटलं, दाजी. त्याचंच वाईट वाटतं.

बद्रीनाथ तोंडाला दस्ती बांधून, कापसावर मारायच्या फवाऱ्यात तो माल भरून, फवारा पाठीला लावून उतरला. थोडा वेळ अभंग ऐकू आला, मग खोकला. मी वरून ओरडलो, "वर ये बे!" "एवढा कोपरा झाला की येतो," म्हणाला. मग काहीच ऐकू येईना. मी उतरलो, दोर बांधला, चौघांनी त्याला वर ओढला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नाकातोंडात काय गेलं?" म्हणालो, नॅनो. "त्यात काय असतं?" म्हणालो, बारीक. त्यांनी ते लिहून घेतलं.

आठव्या दिवशी घरी सोडला. आता दोन पायऱ्या चढला की धाप लागते. परवा भेटायला गेलतो. म्हणाला, "बंकट, टाकी गळते का बे?" न्हाई म्हणालो. लई समाधानानं हसला, आणि त्या हसण्याचाच ठसका लागला. त्याची बायको सारजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

तुमचा,
बंकट

ता. क. डब्यावरचं लेबल भिजवून सोडवलं, सोबत ठेवलंय. सगळं इंग्रजी हाय. ओळन् ओळ मराठीत लिहून पाठवा.

ता. क. दुसरा. येत्या सोमवारी दुसरी टाकी हाय. उत्तर त्याआधी पोचू द्या, आणि आक्काला हे वाचून दाखवू नका. मुकादमानं माझं नाव घेतलंय, आणि मी हो म्हणून बसलोय.