बहिणीला राहायला जागा पाहिजे

अमरावती,
१८ फेब्रुवारी २०१८

प्रिय सुगत,
सप्रेम जयभीम.

तुझी शुगर, भावजयीचे गुडघे, पोरांचा अभ्यास, सगळं ठीक असेल असं धरून चालते. मी बरी आहे. फोनच करणार होते, पण मी जरा मुद्द्यावर आले की तुला नेमका आवाज येत नाही. कागदाला ती अडचण नाही.

वरच्या दोन खोल्या पुन्हा भाड्याने द्यायला काढल्या. मागच्या भाडेकरूने मला कोर्टाच्या चकरा मारायला लावल्या, तेव्हापासून मी कोणाच्या गोड बोलण्यावर जात नाही. माणूस वर खोल्या बघत असतो, तेवढ्यात मी खाली मोबाइलवर कोर्टाची साइट उघडते. जिल्हा टाकायचा, वर्ष टाकायचं, नाव टाकायचं. एका मास्तरावर चेकचा खटला निघाला. एक जोडपं फारच नम्र होतं, त्यांच्यावर काहीच निघालं नाही, म्हणून मला जास्त संशय आला. हस तू. तुझे भाऊजी असते तर तेही हसले असते.

मग जहाँआरा आली. अकोल्याची, नवरा वारलेला, ब्लाऊज शिवते. यंदा बोंडअळीने कापूस खाल्ला, तशी खेड्यातल्या बायांची शिलाई थांबली. मुलगी लुबना हिने कॉलेज सोडून नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात काम धरलं, म्हणून दोघी इकडे. शेवटचं वर्ष अर्ध्यात कोण सोडतं? मला ते खटकलं. जहाँआरा वर शिलाई मशीन कुठे ठेवायची ते बघत होती, तेवढ्यात मी अकोला जिल्हा टाकला.

निघालंच. घर खाली करण्याचा दावा, निकाल हिच्या विरुद्ध. म्हटलं, सापडली! दावा लावणाऱ्या मालकाचं नाव वाचायला चष्मा पुसला.

सुगत, तिथे बाबांच्या नावासकट तुझं नाव होतं.

तुझ्या घराच्या मागच्या बाजूला जुने भाडेकरू आहेत, एवढंच मी ऐकून होते. तिला खाली बोलावलं, चहा दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, अकोल्याची जागा का सोडली?

"मालकाच्या बहिणीले राहाले पाहिजे होती म्हणे. विधवा हाय बिचारी. वकील म्हणे, अपील करा. मी म्हटलं, जाऊ द्या भाऊ. मी बी तशीच आहो. तिचं छप्पर मी काहून अडवू?"

तुला बहीण एकच. जहाँआरा घरी गेल्यावर मी निकाल उघडला. तुझी साक्ष त्यात आहे. बहीण अमरावतीला एकटी राहते, आजारी पडली तर पाणी द्यायला कोणी नाही, सणावारीही दार लावून बसते, तिला भावाच्या आधाराची गरज आहे.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. हे गेल्यावर मी तुला विचारलं होतं, अकोल्याला येऊ का. तू म्हणालास, "ताई, जागा कुठी हाय?" ते माझ्या फार जिव्हारी लागलं होतं. आता वाटलं, बोलला नाही, पण माझ्यासाठी कोर्टात गेला. त्या संध्याकाळी मी कोणती भांडी न्यायची आणि कोणती देऊन टाकायची हे ठरवत बसले होते.

मग माझा स्वभाव जागा झाला. मला कोणी विचारलं कसं नाही? बुधवारी एसटीने अकोल्याला आले. मागच्या दारावर फलक: अभ्यासिका, एसी, वायफाय. खाली तुझा नंबर. आत पोलीस भरतीवाली पोरं पुस्तकात डोकं घालून बसलेली. दारावरचा माणूस म्हणाला, "मावशी, पोरासाठी पाहून राहिल्या का? एक सीट खाली हाय." तुझ्या पुढच्या दारी न येता मी परत फिरले. तुमच्याकडचा चहा घशाखाली उतरला नसता.

जहाँआराला खोल्या दिल्या. ती बहीण मीच, हे तिला सांगायची माझी हिंमत होत नाही. वर मशीन चालते तेव्हा मला लाज वाटते. लुबना कारखान्यातून येते आणि कोणाशी न बोलता जिना चढते. अकोल्याला परत घर मिळालं तर ती कॉलेज पुरं करेल, असं तिची आई म्हणते.

वकिलाला विचारलं. ज्या कारणाने जागा खाली करून घेतली तसा वापर केला नाही, तर भाडेकरूला ती परत मागता येते. त्या बहिणीला तेवढं कोर्टात येऊन सांगावं लागेल. येत्या रविवारपर्यंत तू स्वतः येऊन जहाँआराला किल्ली दे. नाही आलास, तर मी तिला माझं नाव सांगेन आणि कोर्टात तिच्या बाजूने उभी राहीन.

खोटेपणाचा राग आहेच. पण तुझी साक्ष मी परत परत वाचली, तिच्यात माझ्याबद्दल एक अक्षर खोटं नाही. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं.

अजून तरी तुझीच,
मायाताई